जिवंत बाईचा टाक

जानेफळच्या आमच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी चांदीचा एक लहानसा टाक आहे. त्यावर उभी बाई उमटवलेली. घरात तिला 'मोठी' म्हणत. ती आजोबांची पहिली बायको, लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, असं आम्हाला सांगितलेलं. माझी आजी दुसरेपणाची. आजीचं पहिलं मूल दगावलं तेव्हा 'मोठीनंच नेलं' असं लोक म्हणाले, आणि तेव्हा हा टाक घडवला. घरात नवं लुगडं आलं की आधी टाकापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, मगच आजी ते नेसायची. त्या टाकाला ती भ्यायची.

मी धामणगाव बढ्याला मास्तर असताना जनगणनेचं काम अंगावर आलं. एका घरी ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. लग्नाच्या वेळी वय किती, असं मी विचारलं.

"कोन्या लग्नाचं सांगू बापा? माहे दोन झाले."

पहिल्याचं सांगा म्हटलं. तिनं सांगितलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कोन्या गावचा?"

"जानेफळचा."

"जानेफळात कोनाचा?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "मंग त मी तुह्या घरचीच. त्याची पयली मीच."

"ती तर वारली," माझ्या तोंडून निघून गेलं. मग दगावलेल्या मुलाचं, टाकाचं, लुगड्यांचं सगळं सांगितलं. म्हातारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"अन् मी इथं दंड घातलेलं नेसून राह्यली! दोन फाटके जोडून एक करून राह्यली मी. एखादं इकडं धाडत जा म्हना न बे!"

निघताना तिनं मला परत बोलावलं. आता ती हसत नव्हती. "तिले सांग, म्या कोनाचं लेकरू नेलं नाही."

तो निरोप मी पोचवला नाही. आजोबांची बायको त्यांना सोडून गेली आणि त्यांनी ती मेली म्हणून सांगितलं, हे गावात कळलं तर मास्तर म्हणून कसं तोंड दाखवू, एवढाच माझा विचार होता. आजी त्यानंतर बरीच वर्षं जगली. प्रत्येक नवं लुगडं ती आधी टाकापुढे ठेवून 'सांभाळ' म्हणायची. मी समोर बसलेला असायचो.

यंदा मुलगा घराण्याची वंशावळ लिहायला बसला. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, काही पुरावा?" बायको म्हणाली, "या वयात घरच्यायची अब्रू कायले काढता?" मी ठरवलं, पुरावा आणायचा.

मी स्वतः भरलेला जनगणनेचा कागद मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. आकडे काढले की ते कागद नष्ट करतात. तरी विचारून आलो. मग मेहकरला तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मागितली. गावातले जन्म-मृत्यू पूर्वी त्यात लिहीत. तीन खेटे घातले, चौथ्यांदा पानं समोर आली. मोठीच्या लग्नापासून पुढच्या सगळ्या वर्षांत तिच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. आजीच्या मुलाची मात्र होती. कारण लिहिलं होतं: देवी. त्याच्या वर-खाली त्याच महिन्यातली गावची आणखी पोरं. त्यांच्यापुढेही देवी. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. साथीत गेलेल्या पोराचा दोष एका बाईवर टाकला होता, आणि ती दोन तालुके पलीकडे आपला संसार करत होती.

पुढे धामणगावच्या तालुक्याला, मोताळ्याला, मोठीच्या मृत्यूची नोंद सापडली. दुसऱ्या नवऱ्याचं नाव, वय बरंच झालेलं. तिचा नातू अजून त्याच घरात राहतो. त्यानं पेटीतून जुनी फारखत, काडीमोडाचा कागद, काढून दाखवली. खाली आजोबांचा अंगठा होता. म्हणजे टाक घडवताना आजोबांना सगळं ठाऊक होतं. जिवंत बाईला त्यांनी देव्हाऱ्यात बसवलं, आणि आपल्याच बायकोला आयुष्यभर भिऊ दिलं. त्यातली शेवटची वर्षं मीही तिला भिऊ दिलं.

वंशावळीत मी माझ्या हातानं लिहिलं: पहिली पत्नी, फारखतीनं मोकळी झाली, धामणगाव बढे इथं पाट लावला, तिथंच म्हातारपणी वारली. तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहिली. आजीच्या मुलापुढे लिहिलं: देवीच्या साथीत गेला. मुलगा म्हणाला, वंशावळीत असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मी लिहितो.

बायकोला कोतवाल बुकाची नक्कल वाचून दाखवली. ती टाकाकडे वळली.

"बुढीले सांगाले पायजे होतं तुमी. किती भेत होती ते."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठीच्या नावानं धामणगावला तिच्या घरी लुगडं न्यायचं म्हणून कपाट उघडलं आणि वरचंच एक हाती घेतलं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे नोको. बाजारातून कोरं घेऊ. अन् मीबी येतो संगं."