शून्य ठेवून गेलेला प्रोग्राम

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती एकीचीच, भावाच्या मुलीची. पण भाची त्याच हॉस्पिटलच्या संगणक विभागात लागली आणि पहिल्याच दिवशी जिन्यातून "अगं आत्याऽ" म्हणून ओरडली. तेव्हापासून साहेबांच्याही तोंडी तेच बसलं.

सर्व्हर सांभाळणं हे आत्याचं काम. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांवर नजर ठेवायला तिथे एक राखणदार प्रोग्राम होता. कुणी बंद पडला, की तो जाताना कोणता आकडा ठेवून गेला एवढंच राखणदार बघे. शून्य म्हणजे काम नीट आटोपलं. दुसरं काही असलं तर गडबड. मग लाल दिवा लावायचा आणि त्याला पुन्हा उठवायचं.

एका दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "आत्या, रक्ताचे रिपोर्ट येतच नाहीयेत. डॉक्टर माझ्या डोक्यावर बसलेत!"

लॅबमधले रिपोर्ट वॉर्डात पोचवणारा प्रोग्राम भाचीने लिहिलेला. तो केव्हाच बंद झाला होता आणि राखणदाराच्या लेखी सगळं आलबेल होतं. आत्याने आधी तो हाताने चालू केला, रिपोर्ट सुटले, मग भाचीला बोलावलं.

"पण दिवा लाल नव्हता ना?" भाची म्हणाली.

"तेच तर! लॅबशी संपर्क तुटला आणि तुझा प्रोग्राम शून्य ठेवून गेला. शून्य कसा गं?"

भाची नखं कुरतडत म्हणाली, "सुरुवातीला सारखा लाल लागायचा. साहेब सगळ्यांसमोर टोचून बोलायचे. मग मी प्रत्येक चूक त्याला आतल्या आत गिळायला लावली."

आत्याला हसू आवरेना. "अगं, तापाने फणफणलेल्याने डॉक्टरला 'मी ठणठणीत' सांगावं, तसं झालं हे."

तेवढ्यात साहेब आले. "डोकेफोड कशाला? कसाही बंद पडला तरी चालू कर, असं सांगा की राखणदाराला."

"उठेल तो, साहेब. पण पडला होता हे कुणाला कळायचं नाही. लागू दे लाल. फक्त त्यावरून हिच्यावर खेकसायचं नाही."

"मी खेकसतो?"

आत्याने भाचीच्या कुरतडलेल्या नखांकडे बोट दाखवलं.

"बरं, नाही खेकसत."

भाचीने दुरुस्ती केली. आत्याने प्रोग्राम तपासायला ठेवलेल्या वेगळ्या मशीनची केबल उपटली. दिवा लाल झाला. केबल परत खोचली. राखणदाराने प्रोग्राम उठवला आणि अडकलेला रिपोर्ट पोचला. दोघींनी टाळी दिली. पण मग प्रोग्राम मुद्दाम थांबवून पाहिला, तरीही लाल! भाची रडकुंडीला आली.

"घाबरतेस काय? आपण 'थांब' म्हटलं की हा शून्याऐवजी स्वतःचा ठरलेला आकडा ठेवतो. सांगितल्यावर थांबला, म्हणजे नीटच थांबला. तो आकडाही चांगला धर, एवढं राखणदाराला सांगायचं." आत्याने एक ओळ लिहिली. पुन्हा थांबवला, तर लाल नाही.

पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये भाचीच आधी बोलली. "काल माझा प्रोग्राम पडला होता. लगेच उठला. कारण सापडलंय, आज दुरुस्त करते."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय काढला.