नकोशीची पहिली सुई

गोंदावं तर सांगवीच्या नकोशीनंच, असं पुढं बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या बाया म्हणायच्या. पण सन पस्तीस साली तिच्या हातात कुणी सुई द्यायला तयार नव्हतं. मुलींवर मुलगी झाली म्हणून आईबापांनी नावच असलं ठेवलेलं, त्यात नवरा तापानं गेलेला. उरली ती सासू, बानूबाई. जुनी गोंदणारीण, आणि तोंडानं महा फटकळ!

"आत्याबाई, मला शिकवा," नकोशीनं धोसरा काढला. बानूबाईची नजर मंदावत चालली होती, म्हणून ती कबूल झाली. पण रीत म्हणजे रीत. शिकणारीनं पहिलं गोंदण शिकवणारीच्या हातावर करायचं. ते टिकलं तरच गिऱ्हाइकाला हात लावायचा. नाहीतर सुयांची डबी बानूबाईच्या वरकुटे गावच्या भाचीकडं जाणार, आणि नकोशी लोकांच्या उसात खुरपायला.

नकोशीनं काजळ कालवलं, सुया एकत्र बांधल्या आणि म्हातारीच्या मनगटावर तुळस काढायला घेतली. ते सुरकुतलेलं कातडं बघून तिचा जीव कळवळला. तिनं आपली अलगद अलगद सुई टोचली. बानूबाईनं हूं की चूं केलं नाही. नकोशी मनातून खूश!

खपली पडली आणि कसली तुळस नि काय! फिकट ठिपके तेवढे राहिले.

"माया केलीस व्हय गं माझ्यावर?" बानूबाई कडाडली. "सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं. देवाघरी जाताना बाईसंगं येवढं गोंदणच येतं. आन् तू मला रिकाम्या हातानं धाडतीस? जाऊ दे डबी वरकुट्याला!"

नकोशीला रडू फुटलं, पण हार मानील तर ती नकोशी कसली! डबी अजून घरातच होती, तोवर ती स्वतःच्या मांडीवर टोचत राहिली. सुई किती खोल गेली म्हणजे रंग धरतो आणि किती गेली म्हणजे पिकतं, हे तिनं आपल्याच कातडीवर ओळखलं. मांडी सुजली, लंगडत पाणी भरलं, पण सुई काही सोडली नाही.

गोंदून घ्यायला बायांची झुंबड उडायची ती नरसिंहपूरची जत्रा तोंडावर आली तशी ती पुन्हा सासूपुढं बसली. "दुसरा हात द्या, आत्याबाई."

"आन् न्हाय धरला रंग, तर?"

"तर मीच डबी पोचती करीन वरकुट्याला."

सुई खोल गेली. "आई गं!" म्हणत बानूबाईनं हात ओढला, डोळ्यांना धार लागली. नकोशीचेही डोळे भरून आले. तरी तिनं ते मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा सुई टोचली.

"रडा, आत्याबाई. मीबी रडतीया. पन हात हलवू नगा."