हॉलंडकाकांचा सोबती

हॉलंडकाका कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा उघडायचे, प्रत्येकाला एक बिस्कीट द्यायचे आणि झाकण लावून डबा परत कपाटात ठेवायचे. "हॉलंडात असंच असतं." हॉलंडात नोकरी केली चार वर्षं, इथे कॅनडात, किचनरमध्ये चोवीस, तोरा मात्र त्या चारांचाच.

त्यांचा लाडका डच शब्द 'खेझेलिख', म्हणजे आपल्या माणसांत बसल्यावर वाटते ती ऊब. मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, जिथे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो, फुकटची पावभाजी खाता खाता ते सांगत, "हे खेझेलिख नाही, ही गर्दी." मग व्युत्पत्ती. मूळ शब्द 'खेझेल', सोबती. तो आला मठातल्या कोठडीच्या लॅटिन शब्दावरून. "आपापल्या कोठडीत राहतात तेच खरे सोबती." हे बोलणारा चार बेडरूमच्या घरात एकटा, खाली सगळं बेसमेंट रिकामं.

मी मान डोलवायचो, कारण मला ते बेसमेंट हवं होतं. घरमालकाने कॉन्डो सोडायला सांगितला होता आणि शनिवारी बायको-मुलगी पुण्याहून येणार होत्या. काका "बघू" म्हणाले आणि गुरुवारी बोलावलं. छाप पाडावी म्हणून मी आदल्या दिवशी लायब्ररीत जाऊन डच व्युत्पत्तिकोश उघडला. ही अक्कल माझीच.

बेसमेंट पाहिलं. चक्क खिडकी होती. वर येऊन कॉफी घेताना काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कोठडी काढली. गप्प बसून किल्ली उचलायची की नाही? मी म्हटलं, काका, लॅटिनचा काही संबंध नाही, शब्द अस्सल जर्मानिक आहे. डचमध्ये दालनाला 'झाल' म्हणतात, जर्मनमध्ये 'झाल'च, मूळ तेच. खेझेल म्हणजे एकाच दालनात आपल्याबरोबर राहणारा. वर कोशातलं पानही फोनवर दाखवलं.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं. मग किल्ली खिशात टाकली. "छान. मग असं दालन शोधा तुम्ही."

शनिवारी दुपारी दोघींना विमानतळावरून थेट हायवेवरच्या मोटेलात आणलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर होतं?"

"कोशात तसंच आहे."

"मग अंथर तो कोश. पोरीला झोप आलीये."

काका आता विंडसरला मुलीच्या बेसमेंटमध्ये असतात. परवा तिच्याशी फोनवर बोललो. म्हणाली, रोज जेवायला वरून हाक मारतो, पण ते येत नाहीत, ताट खालीच न्यावं लागतं. जावयालाही कोठडीचं लॅटिन सांगून झालंय. मी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. चुकीच्या व्युत्पत्तीला इतका जागलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.