बलूनमधून काढलेला नकाशा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सगळं आयुष्य शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेलं. जे दिसतं तेच काढा, हे मुलांना सांगत आलो. पण त्याआधी एकदा मी जे काढलं... ते तिथे नव्हतंच.

लढाईचे दिवस. त्रेचाळीसचा उन्हाळा असावा. मी नगरला लष्कराच्या कामावर नकाशे काढायचो. धाकटा भाऊ चळवळीत पकडला जाऊन येरवड्याला, आणि मी साहेबाच्या हाताखाली! सोनईला घरी गेलो की वडील तोंड फिरवायचे. साहेब ‘बाबू’ म्हणायचा तेही थुंकल्यासारखं. मलाही तो डोळ्यांसमोर नको असायचा.

त्या सकाळी जामखेड रस्त्याजवळच्या माळावर बलून चढवला. जाड दोराने जमिनीला बांधलेला, खालच्या टोपलीत आम्ही दोघंच. साहेब दुर्बिणीतून किल्ल्याकडे बघत होता. मला खालचा माळ कागदावर उतरवायचा होता.

वाकून पाहिलं — आणि माळ नव्हता.

हिरवंगार. डोळ्यांना टोचेल इतकं हिरवं. शेतांना झुडपांची कुंपणं, वळत जाणारी नदी, दगडी पूल, टोकदार मनोऱ्याचं चर्च, मेंढ्या. इतकं सुंदर काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि भीतीही तितकीच वाटत होती. पण साहेबाला सांगणार काय? हात मात्र चालतच राहिला. पुलापलीकडे एका घराच्या फाटकात बाई उभी होती. तीही काढली.

साहेबाने कागद हिसकावला. पाहिला, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“माझी पत्रं कधी वाचलीस?”

“कुठली पत्रं, साहेब?”

“चोरा! हे माझं गाव आहे. हे माझं घर आहे!”

कॉलर धरून त्याने मला टोपलीच्या काठावर रेटलं. अर्धा मी बाहेर. मान वळवून पाहिलं तर — बाभळी, धूळ, आमचा ट्रक. नेहमीचा माळ!

उतरल्यावर दोर सांभाळणाऱ्या हवालदाराला विचारलं, बलून कुठे वाहवला होता का? तो श्रीगोंद्याचा.

“न्हाई ओ. तुमी हितंच हुता, माज्या डोक्यावर,” तो म्हणाला. “पन तुमी आसं का इचारताय?”

माझ्या खोलीची झडती झाली. काहीच सापडलं नाही, तरी नोकरी गेली. निघायच्या दिवशी साहेबाने बोलावलं. टेबलावर माझा कागद. या वेळी शिवी नव्हती.

“ती बाई...” तो हळू म्हणाला, “रागावलेली होती का?”

ती हसत होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघत होती, कुणी येणार असल्यासारखी. पण मला येरवडा आठवला. टोपलीच्या काठावर रेटलेली पाठ अजून ठणकत होती.

“फार,” मी म्हणालो. “आत जाऊन दार लावून घेतलं तिने.”

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी सायकल काढली आणि निघालो.

ती त्याची कोण होती, मी विचारलं नाही. इंग्लंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. त्या माळावर पुढे कितीदा तरी जाऊन उभा राहिलो... बाभळींखेरीज काही दिसलं नाही. हे कसं घडलं, ते शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांनाही सांगता आलं नाही, मलाही नाही. आणि मी साहेबाशी खोटं बोललो, हे तर त्यांनाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच लिहितोय.