लाल पट्ट्यातली तीन मिनिटं

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी 'ध्वनी' हा धडा शिकवते. कंपन, माध्यम, कान... संपला विषय. त्यामुळे या सदरातले अनुभव आजवर मी वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून, आणि वाचून झाल्यावर नाक मुरडलं! आता मीच लिहायला बसले आहे. घाईत काही निसटलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बडोद्याला अकोट्यात राहतो. जोड-टेनामेंट आहे, म्हणजे दोन घरांत मधली भिंत एकच. अलीकडे मी, नवरा मकरंद आणि कॉलेजात जाणारी मुलगी आर्या. पलीकडे रमीलामासी, एकट्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं. आर्याच्या वेळी मकरंद बाहेरगावी होता, तर मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते मासींनी. माझी आई गेल्यापासून "जमी के नहीं?", म्हणजे जेवलीस की नाही, असं मला रोज विचारणारं माणूस एवढं एकच आहे.

मकरंदला जुन्या वस्तूंचं वेड. अलंगला जुनी जहाजं तोडतात ना, तिथल्या सामानाची दुकानं म्हणजे याचं माहेर! गेल्या दिवाळीत तिथून एक पितळी घड्याळ उचलून आणलं. जहाजाच्या रेडिओ-रूममधलं, चावीचं. त्याच्या तबकडीवर सव्वाच्या आणि पाऊणच्या जागी तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेत. येईल त्या पाहुण्याला हा प्रवचन ऐकवायचा, "मिनिटकाटा लाल पट्ट्यात आला की सगळ्या जहाजांनी आपले संदेश थांबवायचे आणि नुसतं ऐकायचं. लांब कुठे एखादं जहाज बुडत असेल, तर त्याची बारीकशी हाक गलक्यात दबायला नको. आता उपग्रह आले, ही शांतता कुणी पाळत नाही."

कुणी नाही, पण आमच्या घरात पाळायची! काटा लालमध्ये शिरला की साहेब वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प. मी म्हटलं, चला, तासातून दोनदा तरी हा माणूस तोंड मिटतो... घड्याळ राहू दे भिंतीवर.

तर उत्तरायण. आमची संक्रांत म्हणजे उत्तरायणच, अख्खं बडोदं गच्चीवर. प्रत्येक गच्चीवर वेगळा स्पीकर, वेगळं गाणं, भोंगे, पिपाण्या आणि कुणाचा पतंग कापला की "ए काप्योऽऽ!" मासी दरवर्षी चिक्कीचा डबा घेऊन आमच्याच गच्चीवर असतात. या वर्षी मात्र आदल्या संध्याकाळी म्हणाल्या होत्या, जमलं तर आणंदला मुलीकडे जाईन. सकाळी दार बंद दिसलं, फोन उचलला नाही, आम्ही धरून चाललो की गेल्या. तिकडे मुलगी धरून चालली होती की आई नेहमीसारखी आमच्या गच्चीवर आहे!

दुपारी जिलेबी घ्यायला मी एकटी खाली आले. हॉलमधून जाताना सवयीने घड्याळाकडे नजर गेली. सव्वातीन. काटा लाल पट्ट्याला टेकत होता.

आणि आवाज बंद झाला.

कमी नाही झाला हो... बंद! पहिल्यांदा वाटलं, लाईट गेली. पण ट्यूबलाइट चालू होती. खिडकीतून समोरची गच्ची दिसते — तिथे मंडळी नाचत होती, एकाने भोंगा तोंडाला लावून गाल फुगवले होते, एक बाई हात वर करून ओरडत होती... आणि ऐकू काही म्हणता काही येत नव्हतं! कानाला दडे बसले म्हणावं, तर घड्याळाची टिकटिक अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

मग मधल्या भिंतीतून आलं... ठण्. थांबून पुन्हा ठण्, ठण्. धातूवर धातू. मी भिंतीला कान लावला.

"मासी?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "बेटा..."

काटा पट्ट्यातून बाहेर पडला आणि सगळा गोंगाट धाडकन घरात शिरला. मी जिना चढले की उडाले, देव जाणे. वर किंचाळले, "मकरंद, मासी!" तर हा पतंगावरून नजर न काढता म्हणतो, "त्यांना जिलेबी ठेव ना बाजूला, आल्या की देऊ!" मी त्याच्या हातातली दोरी हिसकली तेव्हा कुठे भानावर आला.

मासींची एक चावी आमच्याकडे असते. बाथरूमला आतून कडी होती. मकरंदने दोन-तीन धडका दिल्या तेव्हा ती निघाली. मासी ओल्या फरशीवर आडव्या, हातात पितळी तांब्या, ओठ निळसर. सकाळी अंघोळीला गेल्या आणि पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, वर साखरेचा आजार. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वेड्यासारखी रडत सुटले. त्याच मला म्हणत होत्या, "गभराईश नहीं." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या थंडीत रात्रभर तशाच राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी मी त्या शांततेचा विषय काढला. मकरंद आणि आर्या म्हणाले, कसली शांतता? आर्याने त्याच वेळी गच्चीवर व्हिडिओ काढला होता, तो मी कितीदा पाहिला असेन! गाणं एकदाही तुटत नाही. समोरचा भोंगा तर कान किटवतो. म्हणजे झालं ते माझ्याच डोक्यात... असं मी स्वतःला जवळजवळ पटवलंही होतं.

मग ऑपरेशननंतर मासी नीट बोलू लागल्या. मी त्यांना यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं, शप्पथ! सूप पाजत होते, आणि त्या आपणहून म्हणाल्या, "ए वखते बधुं शांत केम थई गयुं हतुं? मने थयुं, हुं बहेरी थई गई."

सगळं शांत का झालं होतं! त्यांना वाटलं होतं, आपण बहिऱ्या झालो.

ज्या गोंगाटात अख्ख्या सोसायटीला तसूभरही फरक जाणवला नाही, त्यात आम्हा दोघींनाच शांतता ऐकू आली. कशी? माझ्या धड्यात याचं उत्तर नाही. मकरंदजवळ नाही. तुमच्यापैकी कुणाजवळ असलं तर जरूर लिहा, मी आता नाक मुरडणार नाही.

मासी पुढे म्हणाल्या, सकाळपासून ओरडून घसा बसला होता, तांब्या आपटून हात गळाला होता. या गलक्यात कुणाला ऐकू जाणार, असं म्हणून त्यांनी तांब्या बाजूला ठेवून दिला होता आणि डोळे मिटले होते. मग एकदम शांत झालं. आता कुणीतरी ऐकेल, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तांब्या पुन्हा उचलला.