चुकणारा ठोका

केळघर घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडं रस्त्याला लागून अर्जुनाचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढं जुने टायर, आणि आत दोनच माणसं, अर्जुना आणि त्याची बायको माया. दोघं मूळचे म्हसवडकडचे, दोघांच्याही घरी मेंढरं. अर्जुना साताऱ्यात एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला आणि लग्नानंतर इकडं येऊन त्यानं स्वतःचं काम मांडलं.

पुढं त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक ऐकू येईना, मग सायलेन्सरचा आवाज, मग मायाची हाक. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण पाना जमिनीवर पडला तरी डोक्यात घण बसायचा. ते त्यानं काढून ठेवलं.

इंजिन खोलायला आणि बसवायला त्याच्या हातांना कान लागत नव्हते. पण गाडी नीट लागली, म्हणजे ट्यून झाली की नाही, हे शेवटी ऐकूनच ठरतं. ते काम मायाकडं आलं. सुरुवातीला ती नुसती मान हलवायची. मग तिला एकेक गोष्ट कळत गेली. रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला रेंगाळलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. स्लोवर ठेवल्यावर ठोके सारखे पडले पाहिजेत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. आणि एवढं जमलं तरी गाडी घाटात नेल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला देत नसे. भरल्या रेसवर चढ चढायचा, मधेच क्लच दाबून चावी बंद करायची, आणि तिथल्या तिथं प्लग काढून बघायचा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी. भाजक्या शेंगेच्या टरफलाचा रंग आला, की काम झालं.

गेल्या पावसाळ्यात मेढ्याचा जयराज एक जुनी, कार्बोरेटरची मोटारसायकल घेऊन आला. कराडच्या एका एजंटाकडून त्यानं ती घेतली होती.

"वैनी, चढाला मिसिंग मारतीया," तो म्हणाला. "आन् एक सांगू का? हसू नका. घाटात बंद केली, तरी तिचा आवाज येतुया."

"कार्बन साठला असंल. तापलं की चावी काढल्यावर बी इंजिन फिरतं थोडा वेळ."

"आवं, इंजिन गार पडल्यावर बी!"

मायानं गाडी चालू करून ऐकली. चार ठोके नीट, मग एक गळालेला. वर टॅपेट ढिला, त्याची बारीक टिकटिक. अर्जुनानं हेड उतरवलं, कार्बन खरवडला, टॅपेट लावले, टायमिंग बसवलं. गाडी इतकी गोड लागली की टाकीवर तळवा ठेवून तो स्वतःच हसला.

दुपारी जेवणं झाल्यावर माया ती घेऊन घाटात गेली. पाऊस थांबला होता, पण धुकं उतरलं होतं, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. वरच्या मोठ्या वळणाच्या खाली तिनं क्लच दाबला, चावी फिरवली. गाडी कडेला लावून तिनं प्लग काढला. रंग बरोबर होता. प्लग अजून चटका देत होता, म्हणून तिनं तो पदरात धरला.

आणि तेवढ्यात खालून गाडी आली.

गाडी दिसली नाही, नुसता आवाज आला. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. चार ठोके नीट, मग एक गळालेला, आणि वर ती टिकटिक. आवाज तिच्या अगदी जवळून गेला. धुकं हललं नाही. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यावर साधा तरंग उठला नाही. तिनं शेजारच्या गाडीकडं पाहिलं. प्लगच्या जागी उघडं भोक होतं.

आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला. इंजिन स्लोवर आलं. दोनदा रेस झाली, थोडा वेळ ठोके पडले, मग बंद. परत काहीच नाही. फक्त कठड्यापलीकडं, खोल कुठंतरी पाणी पडत होतं.

मायानं प्लग परत बसवला आणि गाडी खाली वळवली.

घरी आल्यावर तिनं अर्जुनाला समोर बसवलं आणि त्याला ओठ वाचता येतील असं सावकाश सगळं सांगितलं. तो हसला नाही. कान गेल्यापासून तो तिच्याच कानांवर जगत होता.

"कुठं थांबला आवाज?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला आपल्या स्कूटरवर बसवून घेऊन गेली. धुकं तसंच होतं. अर्जुना वळणावरच्या कठड्यावर बसला, दोन्ही हात दगडावर टेकून. माया रस्त्यावर उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिला तो आवाज खालून येताना ऐकू आला. ती काही बोलली नाही, हललीही नाही, कारण आपल्याला भास होतोय का हे तिला बघायचं होतं.

अर्जुनानं चटका बसल्यासारखे हात उचलले. परत हळूच दगडावर ठेवून दगडातली थरथर घेतली.

"माया," तो म्हणाला, "कुठली गाडी आली? टॅपेट ढिला हाय तिचा."

रस्ता रिकामा होता.

वारा सुटल्यावर धुकं जरा फाटलं, तेव्हा अर्जुना कठड्यावरून वाकला. खाली, कारवीच्या गच्च झुडपांत, काहीतरी लाल दिसत होतं. हेल्मेट होतं ते. त्यांनी पोलिसांना कळवलं. डोंगर चढणारी पोरं दोर लावून उतरली आणि त्यांनी जे वर आणलं ते एका चादरीत मावलं.

माणसाची ओळख पटायला वेळ लागला नाही. जयराजनं एजंटाला गाठून गाडीच्या आधीच्या मालकाचं नाव काढलं होतं. विट्याजवळचा इंद्रजित, चुलत्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात परमुलखात कामाला. सुट्टीवर आला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी महाबळेश्वरला जातो म्हणून निघाला आणि परत आला नाही. गाडी सापडली ती घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, किल्लीसकट. ती वरून खाली कुणी आणून सोडली, हे आजही कळलेलं नाही. त्याचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं. ओढ्याला पूर होता. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं, की यानं पुरात उडी घेतली. घरच्यांनी पुढं त्याची गाडी विकून टाकली. डोळ्यांसमोर नको म्हणून.

काही दिवसांनी त्याची बहीण राजेश्वरी एसटीनं एकटीच गॅरेजवर आली. तिशीतली, शांत बाई.

"जयराजनं मला आवाजाचं सांगितलं," ती मायाला म्हणाली. "मला तिथं न्या."

"ताई, तुमाला आयकू येईलच असं न्हाई."

"तुमाला येतंय न्हवं? तुमी सांगा मला."

धुक्याच्या दिवशी माया तिला घेऊन वळणावर गेली. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. आवाज यायला लागला तशी मायानं तिचा हात धरला.

"आला," ती हळू बोलली. "खालच्या वळणावर हाय."

राजेश्वरी धुक्यात डोळे ताणून बघत राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं.

"जोरात येतोय का?"

"न्हाई. दुसऱ्या गिअरला हाय. हात लय सरळ हाय त्याचा, कुठं हिसका न्हाई. आता हितं आला. आपल्या म्होरं हाय."

राजेश्वरीनं समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं मान वळवली.

"गाडी थांबिवली. मिसिंग मारतीया ना, म्हणून थांबलाय. रेस करून बघतोय, ठोका सुटतोय का ते. परत एकदा बघितलं. आता जरा आयकतोय. बंद केली."

"मग?"

"मग उतरला असंल. प्लग बघायला, न्हाईतर दगड घेऊन चाकाला लावायला. हितं कठडा संपल्यावर पाय कुठं ठेवावा ते धुक्यात कुणाला कळतंय?"

राजेश्वरीनं कठड्याच्या दगडावरून हात फिरवला.

"लोक म्हणत्यात, तो मरायलाच गेला व्हता."

"मरायला आलेला माणूस गाडीचं मिसिंग कशाला बघंल, ताई?"

राजेश्वरी तिथंच रस्त्यावर खाली बसली आणि रडली. मग कठड्याकडं तोंड करून, घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं म्हणाली, "इंद्रा, चल आता घरी."

माया तिला मागं बसवून घाट उतरू लागली. पहिल्याच वळणावर तिला मागून किक मारल्याचा आवाज आला. मग ठोके. ते त्यांच्यामागं उतरत आले, ना जवळ येत, ना लांब जात. मायानं आरशात पाहिलं नाही. राजेश्वरीलाही काही सांगितलं नाही.

गॅरेजपाशी साताऱ्याची एसटी मिळाली. राजेश्वरी चढली, गाडी सुटली, आणि तो आवाज मायाच्या अंगावरून पुढं जाऊन एसटीच्या मागं लागला. मेढ्याच्या दिशेनं तो बारीक होत गेला.

अर्जुना शेडच्या खांबाला हात लावून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"एसटीच्या मागनं कोण गेलं?" त्यानं विचारलं.

मायानं त्याला सांगितलं.

घाटात तो आवाज पुन्हा आला नाही. जयराजला ती गाडी चालवायचा धीर झाला नाही. ती शेडच्या कडेला उभी आहे, आणि इंजिन जाम होऊ नये म्हणून अर्जुना मधूनमधून ती चालू करतो. माया अजूनही गाड्या लावून झाल्या की घाटात नेते. धुकं असलं, की अर्जुना काम टाकून तिच्या मागं बसतो, आणि वळण येईपर्यंत तिच्या खांद्यावरचा हात काढत नाही.