चुन्याचा ठिपका

भांडण झालं तेव्हा आनंदाबाई विहिरीपाशी गवताचा भारा बांधत होती. हिंगणीच्या सदाशिवरावांच्या संत्र्याच्या बागेत कामाला लागून तिला आठच दिवस झालेले, म्हणून हात भाऱ्यावर अन् कान तिकडे. सदाशिवरावांचं म्हणणं, झाडाला फळं फार लागली, अर्धी लहानपणीच तोडून टाकली पाहिजेत. त्यांची बायको यशोदाबाई झाडाला पाठ लावून उभी. "लेकरं का कोणी मोजून ठेवते?" ती म्हणाली. नवरा हरला. भादव्यात वारा सुटला अन् त्या झाडाची मोठी फांदी फळांसकट खाली आली.

पुढच्या उन्हाळ्यात यशोदाबाईनंच आनंदाबाईला बोलावलं. "फळांची विरळणी तू कर. हात हलका ठेवजो, अन् तोडलेलं त्याच झाडाच्या बुडाशी टाकजो. झाडाचं झाडाले."

त्याला छत्तीस वर्षं झाली. यशोदाबाई गेली. आनंदाबाईच्या हाताखाली कितीतरी बाया तयार झाल्या. नवी बाई आली की ती आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेई अन् ठेवायच्या फळांवर ठिपका लावून देई. ठिपक्याचं ठेवा, बाकी तोडा. मात्र गेल्या वर्षी शिडीवर चढलेल्या आनंदाबाईला गुडघ्यांनी उतरूच दिलं नाही. दोघींनी धरून उतरवली. यंदा बोलावणं येते की नाही, एवढीच तिला धाकधूक होती.

बोलावणं आलं, पण बागेत आधीच एक पाहुणा हजर. सदाशिवरावांची नात वर्षाली शेतीचं शिकलेली. तिनं फळं विरळायचा रोबोट भाड्यानं आणला होता. चार चाकं, एक लांब हात, हाताच्या टोकाशी डोळा. दुपारी सावलीत उभा राहून वीज खायचा. आनंदाबाईनं त्याचं नाव जावई ठेवलं.

पहिल्या झाडावर कोणती फळं ठेवायची ते आजीनं मनाशी धरावं, मग जावयाचं काम ताडून पाहू, असं सांगून वर्षाली विहिरीवरची मोटार सुरू करायला गेली. आनंदाबाईनं सवयीनं डबी काढली अन् हात पोचेल तिथवर ठिपके देऊन टाकले.

घटकाभरात जावयानं नेमकी तीच फळं तोडली. चांगली सगळी खाली, मरतुकडी वर. सदाशिवराव काठी टेकत आले, पाहिलं अन् म्हणाले, हे यंत्र आजच वापस करा, उद्यापासून आनंदाबाई अन् तिच्या बाया.

हेच तर तिला हवं होतं. पडलेल्या फळांवर पायानं थोडी माती सारली असती तर ठिपके झाकले गेले असते. तिनं पाय उचललाही. मग खाली ठेवला.

"भाऊ, चूक त्याची नाई, माही आहे. चुना मी लावला."

वर्षालीनं एक फळ उचलून पाहिलं अन् हसत सुटली. पांढरा ठिपका म्हणजे कीड, ते फळ आधी तोडायचं, असं जावयाला शिकवलेलं होतं. सदाशिवराव म्हणाले, "म्हणजे दोघंही खरे, अन् झाड माहं उघडं."

दुसऱ्या दिवसापासून आनंदाबाई स्टुलावर. जावई अडला की वर्षालीच्या हातातल्या छोट्या पडद्यावर फळ दाखवायचा. "हे पश्चिमेकडचं, उन्हानं भाजन. तोड म्हण त्याले." आतल्या फांद्यांत त्याचा हात शिरत नव्हता, तिथं बाया होत्याच.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच. "हा सगळं शिकला की मले घरी बसवशील का वो?"

वर्षालीनं पडद्यावरची धूळ पुसली. "शिकन तर खरा, आजी. पण शेजारच्या बागेतल्या ओमप्रकाशकाकाले तो मोसंबीसाठी पायजे, अन् मोसंबीतलं याले काईच समजत नाई."

"मले समजते."

"म्हणून तर तुमचं नाव सांगून ठेवलं."

आनंदाबाईनं पडद्याकडे पाहत मान हलवली, जसं काही तिला ठाऊकच होतं.

ऊन उतरलं. तिनं टोपली घेतली अन् ज्या झाडाची फळं त्या झाडाच्या बुडाशी टाकत गेली. शेवटी यशोदाबाईचं ते मोडक्या फांदीचं झाड. तिथली ओंजळभर फळं तिनं खाली ठेवली, पायानं माती सारली, विहिरीवर हात धुतले अन् बसथांब्याकडे निघाली.